मायची बाडी आणि माझी सुतळी

समस्त नागरिकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, देवरी मुक्कामी आमच्या घरामागील जमिनीने आज सकाळी माझी डावी चप्पल गिळंकृत केली असून, कुदळ, सब्बल आणि नम्र विनंती असे सर्व उपाय करून झाल्यावरही ती परत देण्यास साफ नकार दिला आहे. उजवी चप्पल शोकाकुल आहे. अंत्ययात्रा निघणार नाही, कारण देह मिळालेला नाही.

ही घोषणा मी मागच्या दारात एका पायावर उभं राहून, दोन्ही हात पसरून केली. आमची माय उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. वर न बघता ती म्हणाली,

"जमीन तूच सांगितली ना बाबू मले. आता कायले रडून राहिला?"

बायको स्वयंपाकघरातून हसली. मीही हसलो. पण मायचं वाक्य चपलेपेक्षा खोल गेलं. कारण सांगितली होती हे खरं, पण पाहिली नव्हती. मी त्या जमिनीचं नुसतं वर्णन केलं होतं.

वर्णन करणं हा माझा धंदाच म्हणा. देवरीत माझं कपडे भाड्याने देण्याचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगला राजे, राक्षस, वकील, पोपट, जे लागेल ते माझ्याकडे खुंटीला टांगलेलं असतं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला की मी स्वतःही तोंडाला रंग लावतो. बहुतेक वेळा खलनायक असतो, कधी कधी दुःखी बाप. दोन्ही कामांत आवाज लागतो आणि दोन्हीत लोक विश्वास ठेवतात. सवय वाईट आहे. ती घरी येते.

बाबा गेल्यावर माय अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात एकटी राहत होती. शेत चुलतभावाकडे दिलं होतं, पण घरामागची बाडी तिने सोडली नव्हती. बाडी म्हणजे परसातली भाजीची जागा. तिची माती सिहार, म्हणजे हलकी, सैल, पाणी प्यायली की विसरून जाणारी. त्या मातीत माय वाल, चवळी, दोडके, अंबाडी, मुळे असं सगळं काढायची आणि अर्ध्या गावाला वाटायची. मग गुडघे बोलायला लागले. एकदा विहिरीपाशी पडली. मी न्यायला गेलो.

"येतो," ती म्हणाली, "पण तुमच्या घरी बाडी आहे का?"

इथे मी खाटेवरून उठलो. दोन्ही हात पसरले. "माय, बाडी म्हणते तू? अशी जमीन आहे की वाळली काडी खोवली तं सकाळी पानं फुटतीन. अन् ती तुझी बाडी. तू म्हणशीन तसं. आम्ही निस्ते खाऊ."

घरामागे मी त्याआधी गेलो होतो तो एक मोडकी खुर्ची फेकायला.

मायने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बियांच्या गाठी बांधल्या, घराला कुलूप लावलं आणि निघताना चुलतभावाला, त्याच्या बायकोला आणि दारात जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पाऊसभर राहून पाहातो. भाजी झाली तं राहीन, नाही तं वापस." माय बोलते ते करते. तिच्याशी वाद घालणारे बाबा होते, ते थकून गेले.

देवरीत आल्यावर तिने आधी बाडी पाहिली, मग चहा घेतला. उन्हाळा चढत होता. जमिनीला अशा भेगा होत्या की चमचा पडला तर पुन्हा दिसू नये. मायने काठीने एक ढेकूळ सुटं केलं, तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं, तळहातावर मळलं, आणि बोलता बोलता चार पाय, वशिंड, शिंगं काढली. पोळ्याला पोरांसाठी करतात तसा बैल. कुठे एक तडा नाही. तो तिने भिंतीवर ठेवला.

"कन्हार आहे," ती म्हणाली. "अन् तेही बांधीची. याचे बैल मस्त बनतीन."

"आणि मुळे?"

"मुळा का बैलाच्या पोटात वाढते?"

कन्हार म्हणजे आमच्याकडची काळी, जड, चिकट माती. आणि बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. आमचं लेआऊट व्हायच्या आधी तिथे बांध्याच होत्या. धानाच्या मुळाशी पाणी उभं राहायला पाहिजे, म्हणून किती तरी पिढ्यांनी ती जमीन पावसात नांगरून, तुडवून, चिखल करून खालून पाट्यासारखी घट्ट करून ठेवलेली. मग कोणी तरी खुंट्या ठोकून प्लॉट पाडले आणि त्यातला एक मी घेतला. ज्यात धान सुखाने उभं राहतं त्यात मुळ्याचा जीव गुदमरतो. हे मला त्या बैलाकडे बघता बघता समजलं. म्हातारीला मी बैलाच्या पोटात आणून बसवलं होतं.

अपराधी माणूस खूप काम करतो. मी लागलो.

आधी गाळ. आमच्या भागात उन्हाळ्यात बोड्या, म्हणजे लहान तलाव, आटले की तळाचा गाळ शेतात नेऊन टाकतात. हलक्या जमिनीला तो तुपासारखा. गाळ म्हटलं की आमचा माणूस हात जोडतो, कुठल्या जमिनीत टाकायचा ते विचारत नाही. मीही विचारलं नाही. ट्रॉलीभर गाळ आणून दारात उतरवला तेव्हा माय उठून आली, मुठीत घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "सोनं आलं." सुट्टीचा दिवसभर आम्ही दोघांनी मिळून तो पसरला. मी कुदळीने ओढत होतो, ती काठीने दाखवत होती. फार छान दिवस गेला. तिच्यासोबतचा या वर्षातला सगळ्यात छान, आणि मातीसाठी सगळ्यात वाईट.

कारण गाळ म्हणजे कन्हारचाच बारीक दळलेला सख्खा भाऊ. अवकाळी पावसाची एक सर आली, वरचा थर साबणासारखा झाला आणि माझी चप्पल गेली. बायको दारात उभी राहून म्हणाली,

"कन्हारात गाळ टाकला तुमी. म्हणजे भातात भात कालवून खाल्ला."

माय ओशाळली. "मले का माहीत," ती म्हणाली, "आमची जमीन हलकी होती ना." आणि ती लसूण सोलायला बसली. चूक माझी होती, ओशाळली ती. माझ्या अपराधांच्या वहीत ही दुसरी नोंद.

मग मी अभ्यासाला लागलो. रोपवाटिकेतल्या माणसाला विचारलं, फोनवर व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच. जड मातीत वाळू ओतू नका, विटा होतील. तिचं पोट भरेल असं द्या. शेणखत, कुजलेला पाला, भाताच्या गिरणीतली तुसाची काळी राखड. वाफे उंच करा, पाणी निघून जाऊ द्या. आणि ओली असताना तिला हात लावू नका, पाय तर मुळीच नाही. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि टिचकीसरशी फुटला तर कुदळ उचला. नाही फुटला तर चहा प्या.

मी खूप चहा प्यायलो आणि खूप कुदळ मारली. गिरणीतून राखडीची पोती स्कूटरवर आणायचो. एकदा पोतं हायवेवर फाटलं आणि मी घरी आलो तो डोळे सोडून सगळा काळा. शेजारच्या काकू, ज्यांच्या घरचं टायरचं दुकान आहे, भिंतीवरून बघून म्हणाल्या, "भैया, आज कौन सा राक्षस बने हो?" मी त्यांना तिथेच स्कूटरवर बसून राक्षसाचं हसू हसून दाखवलं. माय इतकी हसली की तिला ठसका लागला. मला वाटलं, जमलं. आता ही राहते.

शेण आणलं. रस्त्याच्या कडेचा मोहाचा आणि पळसाचा पाला पोत्यांत भरून आणला. बायकोने भाजीची सालं बादलीत जमवायला सुरुवात केली, नाक दाबून का होईना. जमीन हातभर खणून सगळं मिसळलं, वाफे उंच केले, मधे पायवाट ठेवली. आणि ती माती, विश्वास ठेवा, बदलायला लागली. वरची वीतभर माती हातात घेतली की भाजणीच्या पिठासारखी सुटायची. मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हातात देऊन दाखवायचो. दुकानात गिऱ्हाईक राजाचा मुकुट घालून बघत असायचं आणि मी त्याला शेणखत सांगत असायचो.

आता जे सांगायचं ते हळू आवाजात. वाफ्यांभोवती मी सुतळी बांधली. काड्या रोवून, छान ताणून.

"माय, सुतळीच्या आत पाय नको ठेवू हं. माती दबते."

"माझ्या पायानं दबते?"

"कोणाच्याही."

"अन् तू रोज आत कुदळ घेऊन नाचून राहिला तं?"

"मी फळी टाकून उभा राहतो ना."

"बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' मी तेव्हा ऐकलं नाही. मी तिला रोज संध्याकाळी सुतळीबाहेर खुर्ची टाकून बसवायचो आणि आतलं दाखवायचो. हे बघ माय, गांडूळ. हे बघ माय, कसं भुसभुशीत. तीही बघायची. तिच्या गाठींतल्या बिया मी पेरायचो, किती खोल ते स्वतः ठरवायचो. एकदा ती म्हणाली, "वाल इतका खाली नोको टाकू." मी म्हणालो, "ह्या मातीचं वेगळं असते माय." जन्मभर बाडी केलेल्या बाईला मी पाहुणी करून खुर्चीत बसवलं होतं आणि लसूण दिला होता सोलायला. बाडी तिची, हे मी वाक्यात ठेवलं होतं. मातीत मीच होतो.

पावसाळा लागला. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे लेआऊट संपतं आणि अजून बांध्या सुरू होतात. रोवणीला तोंड लागलं. सकाळपासून बाया ओळीने वाकलेल्या, हातात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलात, आणि बोलणं, हसणं, एखादीचं गाणं. माय भिंतीपाशी उभी राहून बघायची. मला विचारायची, "कोनाची रोवणी आहे?" मला माहीत नसायचं. भिंतीच्या या बाजूला माझे वाफे होते, दुसरीकडे कोणाची शेती आहे ते मी कधी विचारलंच नव्हतं.

एका दुपारी जेवायला घरी आलो. मागून हसण्याचे आवाज. मला आनंदच झाला, कारण मायचं तसं हसणं मी खूप दिवसांत ऐकलं नव्हतं. मागच्या दारातून पाहिलं.

माझ्या सगळ्यात चांगल्या वाफ्यात माय उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात काठी, दुसरा हात शेजारच्या काकूंच्या खांद्यावर. काकूंची सलवार वर चढवलेली. नळाचा पाइप आत सोडलेला. आणि दोघी तुडवत होत्या. एकेक पाय उचलून, दाबून, फिरवून, जसा धानासाठी चिखल करतात तसा. राखड, शेण, पाला, माझा उन्हाळा, सगळं मिळून एक सुरेख काळं, चकचकीत लोणी झालं होतं. त्यात मायने बायकोच्या मिरच्यांची आणि वांग्यांची रोपं ओळीने रोवली होती. एका हाताचं अंतर, एका रेषेत, अगदी धानासारखी.

"पाहाय," ती मला म्हणाली. चेहरा उजळलेला. "तू निस्तं कोरडंच खरडून राहिला होता. असा चिखल केल्याबिगर रोप धरते का?"

आता माझ्यापाशी दोन आवाज होते. एक घरचा आणि एक स्टेजचा. मी दुसरा काढला. तो शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत जातो.

"ही तुझी बांधी नाही," मी ओरडलो. "माझी बाडी आहे ही."

रोवणी करणाऱ्या बायांनी भिंतीपलीकडून मान वर केली. काकू म्हणाल्या, "अरे भैया, माँजी को डाँटो मत, मैं ही बोली थी चलो," आणि हे खोटं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. माय वाफ्यातून बाहेर आली, सुतळी ओलांडताना काठी आधी पलीकडे ठेवली, मग पाय. नळाखाली उभी राहून पाय धुतले. बराच वेळ धुतले. चिखल केव्हाच गेला होता, तरी धूतच राहिली.

जेवताना म्हणाली, "अर्जुनीची गाडी किती वाजता राहते?"

"कशाला?"

"पाहुणी आलो होतो. आता परवा जातो."

त्या दोन दिवसांत मी काय काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, म्हणून सगळं सांगतो. गरम जिलेबी आणली. मायने जिलेबी खाल्ली, चांगली होती म्हणाली, आणि उरलेल्या बियांच्या गाठी बांधायला बसली. दुकानातून मिशा लावून आलो आणि तिच्यासमोर गावच्या पाटलाची नक्कल केली, जिच्यावर ती नेहमी हसते. ती म्हणाली, "मिशी वाकडी बसली." बायको सगळं बघत होती. रात्रीचं जेवण वाढताना तिने मला बाजूला घेतलं.

"नाटकात मायचे पाय धरून पडदा पडेपर्यंत रडता तुमी. घरी 'चुकलो' म्हणायले काय तिकीट लावू का?"

"म्हणतो ना. योग्य वेळ येऊ दे."

"वेळ येईन, गाडी जाईन. अन् माझ्या मिरच्या बादलीत मरून राहिल्या ते वेगळंच."

तिने ती रोपं चिखलातून अलगद काढून बादलीत ठेवली होती. बादली मागच्या दारातच होती. मी जाता-येता तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होतो. अपराधी माणसाच्या घरात न बघण्याच्या जागा वाढत जातात. वाफा, बादली, मायची पिशवी, मायचे पाय.

वाफ्याचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मनावरचं थोडं उतरेल. उन्हं पडल्यावर तो वाळला, आणि दोघींच्या पावलांसकट कौलासारखा कडक झाला. मायची पावलं ओळखू येत होती. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला, आणि बाजूला काठीची भोकं. मला ती फोडवेनात. पाऊस सरल्यावर हळूहळू ढेकळं काढली, पुन्हा शेण, पुन्हा राखड घातली, मग बोरू पेरला. ते हिरवळीच्या खताचं झाड, मुळं खोल घालतं. फुलायच्या आत कापून तिथेच पुरला. हिवाळ्यात मुळे आले. आखूड, दोन पायांचे, चड्डी घातल्यासारखे, पण मुळे. तरी एका कोपऱ्यात माती अजून दगडासारखी निघते. तिथे कुदळ आपटली की झिणझिण्या हातात येत नाहीत, दुसरीकडेच येतात.

हे झालं मातीचं. मायचं अजून परवा उजाडायचं होतं.

मधल्या दिवशी मला एक युक्ती सुचली. बाडीच्या खालच्या टोकाला उतार आहे, तिथे काही केलं तरी पाणी साचतं. तिथे मी वाफा केलाच नव्हता. मी त्या कोपऱ्याभोवती मातीचा बुटका धुरा घातला, पाणी अडवलं, आणि भिंतीपलीकडच्या शेतकऱ्याला हाक मारून त्याच्याकडची उरलेली पऱ्ह्यांची पेंढी मागितली. त्याने भिंतीवरून दिली. शेवटी त्याच्याशी पहिल्यांदा बोललो तो असा. मग मायला हाताला धरून मागे नेलं, दोन्ही हात पसरले आणि म्हटलं,

"माय, ही घे तुझी बांधी."

चार खाटा मावतील एवढा तुकडा. तिने पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"खेळणं आणलं का मले?" ती म्हणाली. "मी का लहान पोट्टी आहो? रडली की बैल देल्ला, रडली की बांधी देल्ली."

आणि आत गेली. ती बरोबर होती. मी पुन्हा एक वर्णन केलं होतं, यावेळी मातीत. पऱ्ह्यांची पेंढी भिंतीपाशी पडून राहिली.

जायच्या दिवशी सकाळी माय लवकर तयार झाली. पिशवी दाराशी. गाडीला वेळ होता. मी मागे गेलो. पऱ्हे उन्हात पिवळे पडायला लागले होते. ते फेकवेनात. पॅन्ट वर केली आणि त्या कोपऱ्यातल्या चिखलात उतरून रोवायला लागलो.

हे नाटक होतं का? अर्धं होतं. मागचं दार उघडं आहे हे मला माहीत होतं. पण उरलेलं अर्धं खरं होतं, कारण मला रोवणी येत नाही. धानवाल्याचा मुलगा, पण आमच्या घरी रोवणीच्या दिवसांत मी नेहमी शाळेत, नाहीतर तालमीत. एका ठिकाणी मूठभर रोपं खुपसत होतो, दुसरीकडे एक काडी. पाय काढायला गेलो की दोन रोपं उपटून निघायची. वाकून कंबर गेली. पाण्यावर पिवळी पाती तरंगायला लागली.

दारात काठीचा आवाज झाला. मी वर बघितलं नाही.

"मुद्दाम करून राहिला का असा?"

"नाही माय. खरंच नाही जमत."

"पाहू शकत नाही बाबा मी हे."

पुढचं मी वाकलेल्या अवस्थेतून पाहिलं. आधी काठी आली, चिखलात रुतली. मग एक पाय, मग दुसरा. अंगठा बाहेर वळलेला. लुगडं खोचलं गेलं. माझ्या हातातलं रोप ओढून घेतलं गेलं. मायने काठी भिंतीला टेकवली, एक हात माझ्या पाठीवर टाकला, जणू मी त्याच कामासाठी तिथे वाकलेलो होतो, आणि दुसऱ्या हाताने रोपं लावायला सुरुवात केली. दोन-तीन काड्या, अंगठ्याने दाब, पुढे. मी उपटलेली तिने पुन्हा लावली. तिचा हात पाठीवर होता, त्यामुळे मला तोंड दाखवायचं नव्हतं, आणि तोंड दाखवायचं नसलं की बोलणं सोपं जातं हे मला इतक्या वर्षांत कोणत्याही दिग्दर्शकाने सांगितलं नव्हतं.

"माय," मी चिखलाला म्हणालो, "ही जमीन मी पाहिलीच नव्हती. तुला आणायला बोललो."

"थे तं मले तवाच समजला. तू हात पसरून बोलला की खोटंच राहते."

"मंग आली काऊन?"

"बोलवून राहिला ना तू. नीट धर ती पेंढी, सुटून राहिली."

मी पेंढी नीट धरली. "अन् त्या दिवशी 'माझी बाडी' म्हणालो. चुकलो मी. तुले मालूम नव्हता ना चिखल केला तं माती बिघडते, अन् मी चार लोकांत ओरडलो."

पाठीवरचा हात थांबला. दारातून बायकोने मायची पिशवी उचलून आत नेलेली मला पायांच्या मधून दिसली. गाडीची वेळ निघून जात होती आणि कोणी घड्याळ बघत नव्हतं. भिंतीवर काकू येऊन टेकल्या होत्या. मायने एक रोप लावलं. दुसरं हातात घेतलं, पण लावलं नाही. तिच्या गळ्यातून असा आवाज आला जसा बराच वेळ तोंडात धरून ठेवलेली सुपारी एकदम थुंकून टाकावी.

"मले मालूम होता," ती भिंतीपलीकडेही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलून गेली. "सुतळी पाहूनच पाय टाकला मी. चार महिने पायाले चिखल नाही लागला रे, मंग बाडी कोनाची हे पाहात बसू का?"